हुंकार देणारी भिंत

"मानधन: समाधान," भोंग्याने फलकावरची शेवटची ओळ वाचली. "हे समाधान दर महिन्याला मिळतं, की सुट्टी संपल्यावर एकरकमी?"

"हळू बोल रे!"

"हळूच बोलतोय की!"

रस्त्यापलीकडे झोपलेलं मांजर दचकून उठलं आणि दुसरी जागा शोधायला निघालं. भोंगा हळू बोलला की एवढंच व्हायचं. तो मोठ्याने बोलला असता तर मांजराचे मालकही उठले असते.

शाळेला सुट्टी लागली होती आणि तिघं जण गल्लीच्या टोकाच्या संस्थेसमोर उभी होती. एक भोंगा. दुसरी त्याची शेजारीण, वकील. ती आजवर एकही वाद हरली नव्हती, कारण समोरचा कंटाळून जेवायला गेला की आपण जिंकलो असं ती धरायची. तिसरा तिचा धाकटा भाऊ शेपूट. ती जाईल तिथे तो जायचा, म्हणून शेपूट.

फलकावर बरंच काही होतं. पगारी जागा: एक चालक, एक स्वयंपाकी. स्वयंसेवक हवेत: बागेला पाणी घालायला, आजी-आजोबांशी गप्पा मारायला, अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला. आणि शनिवारी संस्थेचा मेळावा, सर्वांना निमंत्रण.

"चालकासाठी वयाची अट लिहिलेली नाही," भोंगा म्हणाला.

"तुझे पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, ही अट पुरे आहे," वकील म्हणाली. "आपण पुस्तकं वाचायची. तिथे माझी मावशीच आहे."

अशा रीतीने तिघांना नोकरी लागली.

संस्थेची इमारत पूर्वी रुग्णालयाची होती. रुग्णालय गेलं, पण त्याचा वास अजून सामान आवरत होता. खालच्या मजल्यावर आजी-आजोबांचं केंद्र होतं. मुलं-सुना कामावर गेल्या की तिथे त्यांना दिवसभर सांभाळायचे. वर एक लांब व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला रेकॉर्डिंगची खोली.

ती खोली विचित्र होती. खिडकी नाही. चारही भिंतींना जाड राखाडी स्पंज चिकटवलेला. दार लागलं की बाहेरचे सगळे आवाज एकदम मेल्यासारखे थांबायचे. मग स्वतःचा श्वास ऐकू यायचा. थोड्या वेळाने कानातलं रक्तही ऐकू यायचं.

"मला माझं पोट ऐकू येतंय," शेपूट कुजबुजला.

"ते सगळ्यांनाच येतंय," भोंगा म्हणाला.

मावशीने वकिलीच्या हातात पुस्तक दिलं. एका नावाड्याची गोष्ट होती ती. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावावरून तो रोज नाव हाकत असतो, आणि एके दिवशी पाण्याखालून त्याला कोणीतरी हाक मारतं: "नाव आण!"

"वा," भोंगा म्हणाला. "झोप न येण्यासाठी छान पुस्तक आहे."

मावशी काचेपलीकडे तिच्या यंत्रापाशी बसली. वकिलीने दुपारभर वाचलं, एकदाही न अडखळता. भोंगा आणि शेपूट मागे भिंतीला टेकून तोंडावर हात ठेवून बसले होते. वाचून झाल्यावर मावशीने तिला हेडफोन दिले. "ऐक कसं झालंय ते."

वकील ऐकू लागली. आधी चेहऱ्यावर हसू. मग ते हळूहळू गेलं.

"मागे कोण बोलतंय?"

"कोणीच नाही," भोंगा म्हणाला. "माझा हात तोंडावरच होता. अजून दात उमटलेत बघ."

तिने हेडफोन त्याच्या कानाला लावले. तिचा आवाज स्पष्ट येत होता: "नावाड्याने आजूबाजूला पाहिलं. पाण्यावर चिटपाखरू नव्हतं." मग क्षणभर शांतता. आणि त्या शांततेत, अगदी खुर्चीच्या मागे उभं राहून कोणीतरी म्हणावं तसं, एका म्हाताऱ्या माणसाने म्हटलं:

"हं."

पुढचं वाक्य. पुन्हा: "हं."

प्रत्येक वाक्यानंतर. एकही न चुकवता.

भोंग्याने हेडफोन खाली ठेवले. इतके हळू, की त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. "कोणीतरी हुंकार देतंय," तो म्हणाला. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने 'हं' म्हणत राहायचं असतं, नाहीतर सांगणारा थांबतो, हे तिघांनाही घरून ठाऊक होतं. फक्त हुंकार देणाऱ्याला शरीर असतं, अशी त्यांची आजवर समजूत होती.

"मला घरी जायचंय," शेपूट म्हणाला.

"जा की."

"एकट्याने नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मावशीने माईक बदलला, वायर बदलली, खुर्ची बदलली. "हं" बदलला नाही. शेवटी ती रेकॉर्डिंग घेऊन सगळे व्यवस्थापकांकडे गेले.

व्यवस्थापक हसतमुख होते. "काळजी नसावी" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते स्वतः ते तंतोतंत पाळत. त्यांनी दोन "हं" ऐकले आणि शेपटाकडे बोट दाखवलं.

"हा मुलगा खोड्या करतोय. पुसून टाका सगळं आणि पुन्हा वाचा."

"साहेब, हा आवाज म्हाताऱ्या माणसाचा आहे," वकील म्हणाली. "माझा भाऊ आठ वर्षांचा आहे. म्हातारा व्हायला त्याला वेळ लागेल."

"मग यंत्राचा दोष. मेळावा डोक्यावर आलाय, पाहुणे येणार आहेत. काळजी नसावी!"

आणि त्यांच्यादेखत सगळं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. वकिलीची दोन दिवसांची मेहनत गेली. व्यवस्थापक लगेच पताकांचे रंग निवडायला वळले.

बाहेर व्हरांड्यात येताच वकील म्हणाली, "आता शोधायचंच."

"भूत?" भोंगा आनंदाने म्हणाला. भिंतीपलीकडे आवाज गेला असावा, कारण खालून कोणीतरी "काय हवंय?" असं ओरडलं.

शोध शेपटाने लावला. रेकॉर्डिंगच्या खोलीत परत आल्यावर घाबरून तो भिंतीला पाठ लावून सरकत होता, तेव्हा गुडघ्याजवळ त्याच्या पायाला गार वारा लागला. खिडकी नसलेल्या खोलीत गार वारा! मावशीने स्पंज थोडा उचकटला. मागे पातळ फळी होती आणि फळीला फट. फटीतून अंधार वर येत होता, धुतलेल्या कपड्यांचा वास घेऊन.

"रुग्णालयाची जुनी नळी असणार," मावशी म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या चादरी इथून टाकायच्या, त्या थेट खाली धुण्याच्या खोलीत. संस्थेने फळी ठोकून बुजवून टाकली वाटतं. इथून येणारा बारीक आवाज आपल्या कानांना नाही, पण माईकला ऐकू येत असणार."

"खाली कुठे उघडते?"

ते मावशीला माहीत नव्हतं. इमारतीचे नकाशे व्यवस्थापकांकडे होते, आणि त्यांची त्यांना काळजी नव्हती.

वकिलीने भोंग्याकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होतं. "तू इथे फटीत तोंड घालून बोलत राहा. आम्ही खाली जाऊन प्रत्येक दाराला कान लावतो. तुझा आवाज जिथून येईल ती खोली."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नकोस म्हणजे झालं."

खालचा मजला दुपारच्या वेळी गप्प होता. मोठ्या खोलीत आजी-आजोबा खुर्च्यांवर डुलक्या घेत होते. वकील आणि शेपूट दारं मोजत, कान लावत निघाली. स्वयंपाकघर: भांड्यांचा आवाज. औषधांची खोली: काही नाही. मग जिन्यामागचा बोळ, जिथे दिवा नव्हता. बोळाच्या टोकाला एक दार. बाहेरून कडी.

वकिलीने कान लावला. बंद दाराआड, अंधारात, कोणीतरी सातचा पाढा म्हणत होतं.

भोंगाच होता तो. तरीही तिच्या मानेवर काटा आला.

पाढे संपले. भोंग्याला पुढे काही सुचेना. मग त्याने सुरुवात केली: "एक मुलगा होता. त्याचा आवाज इतका मोठा होता, की घरचे त्याला नेहमी अंगणात जेवायला बसवायचे."

दाराआडून, अगदी जवळून: "हं."

शेपटाने बहिणीचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बोटांचा रंग बदलला.

"मग तो मुलगा चिडून टेकडीवर गेला आणि ओरडला."

"हं."

वकिलीने कडी काढली. कडी काढायला फार धैर्य लागलं असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर तिने ती डोळे मिटून काढली होती.

आत घड्या घातलेल्या चादरींचे ढीग छतापर्यंत गेले होते. त्यांच्यामध्ये, भिंतीकडे तोंड करून, चाकांची खुर्ची. खुर्चीत एक पांढरं डोकं. हलत नव्हतं. भिंतीत एक चौकोनी काळं भोक होतं, आणि त्या भोकातून भोंगा आपली गोष्ट सांगत होता. म्हातारा माणूस त्या भोकाकडे एकटक पाहत होता.

"आजोबा?" वकील म्हणाली. "तुम्हाला ऐकू येतंय का?"

काहीच नाही. पापणीसुद्धा नाही.

"इथे काय करताय रे!" दारात सांभाळणाऱ्या काकू उभ्या होत्या. "त्यांना काही कळत नाही बाळांनो. मागच्या वर्षी झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. ऐकू येत नाही, ओळखही नाही. एकटक बघतात म्हणून बाकीचे घाबरतात, म्हणून साहेबांनी सांगितलंय, दुपारी इथे ठेवायचं."

"बाहेरून कडी लावून?"

काकूंनी पदराचं टोक चाचपलं. "साहेब म्हणाले, काळजी नसावी. आता शनिवारपर्यंतच आहेत ते. मेळावा झाला की गाडी येणार आहे. लांब शहराबाहेर एक जागा आहे, काही न कळणाऱ्या माणसांसाठी. त्यांची मुलगी बिचारी रोज रडते. पण साहेबांनीच तिला समजावलं, की त्यांना तुम्ही काय आणि भिंत काय, सारखंच."

संध्याकाळी ती मुलगी वडिलांना न्यायला आली. कामावरून थेट आलेली, खांद्यावर जड पिशवी. तिघांनी तिला फाटकापाशी गाठलं आणि एकदमच बोलायला लागली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही चांगली मुलं आहात," ती म्हणाली. "पण मी वर्षभर त्यांच्यासमोर बसून विचारतेय, बाबा मला ओळखलंत का, बाबा दुखतंय का. एकदाही काही नाही. आता मला पुन्हा आशा लावू नका. जमणार नाही मला."

ती खुर्ची ढकलत निघाली. वडील समोर बघत होते. ती काही बोलत नव्हती.

वकील बराच वेळ गप्प राहिली. हे इतकं दुर्मीळ होतं, की भोंग्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"सगळे त्यांना फक्त विचारतात," शेवटी ती म्हणाली. "मीसुद्धा विचारलं. उत्तर जुळवावं लागतं, ते त्यांना जमत नसेल. पण हुंकार जुळवावा लागतो का? तो आपोआप येतो. त्यांना कोणी काही सांगतच नाही रे! गोष्ट सांगणारी ती भिंत एकटीच आहे."

"मग हे साहेबांना सांगू!"

"ते पुसून टाकतील. पुसता येणार नाही असं काहीतरी करायला हवं."

योजना मावशीला सांगितली, तेव्हा तिने आधी नाही म्हटलं, मग यंत्राकडे पाहिलं, मग वायरी शोधायला लागली. व्यवस्थापकांना एवढंच सांगण्यात आलं, की मेळाव्यात बालस्वयंसेवक वरच्या खोलीतून थेट वाचन करतील आणि ते खालच्या सभागृहात ऐकू येईल.

"खर्च किती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"उत्तम कल्पना! मलाच सुचली असती."

शनिवारी सभागृह भरून गेलं. कडेला टेबलं मांडली होती: इथे स्वयंसेवक म्हणून नाव द्या, इथे नोकरीची चौकशी करा, इथे पाणी आहे. पाण्याच्या टेबलापाशी सर्वात जास्त गर्दी होती. पहिल्या रांगेत संस्थेच्या अध्यक्षबाई, पाहुणे, एक डॉक्टर. आजी-आजोबांना नवे कपडे घालून भिंतीकडेने बसवलं होतं. एकच आजोबा नव्हते.

त्यांची मुलगी दारापाशी उभी होती, पायाशी कपड्यांची बॅग. बाहेर गाडी येऊन थांबली होती. बॅग गाडीत ठेवायला ती वळली, तर बॅगेवर शेपूट बसलेला.

"उठ रे बाळा."

"मला चक्कर आली आहे," शेपूट म्हणाला. त्याचे गाल टोमॅटोसारखे लाल होते. "गोष्ट संपेपर्यंत राहील बहुतेक."

व्यासपीठावर भोंगा उभा राहिला. त्याच्यासमोर माईक ठेवायची गरज नव्हती, म्हणून ठेवला नव्हता. "आता गोष्ट!" तो म्हणाला. मागच्या रांगेतल्या दोन आजोबांनी कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली.

वर, राखाडी खोलीत, वकिलीने पुस्तक उघडलं. तिच्या पायाशी फळी निघालेली होती आणि काळ्या नळीच्या तोंडाशी मावशीने दुसरा माईक धरला होता.

"संध्याकाळ झाली," स्पीकरमधून तिचा आवाज आला. "नावाड्याने नाव पाण्याच्या मधोमध नेली."

"हं," स्पीकर म्हणाला.

एक-दोन माना वळल्या.

"खाली बुडालेल्या देवळाचा कळस दिसत होता."

"हं."

आता कुजबुज थांबली. आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. तो छतातून येत होता, खुर्च्यांखालून येत होता, प्रत्येकाच्या पाठीमागून येत होता. म्हातारा, खरबरीत, फार दिवस कुठेतरी बंद राहिलेला आवाज. एका बाईने शेजारणीचा हात धरला आणि मग लक्षात आलं, की तो शेजारणीचा नसून डॉक्टरांचा आहे. डॉक्टरांनी सोडवून घेतला नाही.

"तांत्रिक बिघाड!" व्यवस्थापक उठले. "काळजी नसावी! बंद करा ते!"

"बसा," अध्यक्षबाई समोर बघत म्हणाल्या. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"आणि पाण्याखालून हाक आली. नाव आण."

"हं."

दारापाशी उभी असलेली मुलगी पांढरीफटक पडली होती. तिने भिंतीचा आधार घेतला. शेपटाने उठून तिला बॅगेवर बसायला जागा करून दिली. चक्कर उघडउघड तिला आली होती.

"नावाड्याने वल्हं पाण्यात सोडलं. खालून ते कोणीतरी धरलं. ओढलं. नाव कलली. नावाडी काठावरून वाकला, त्याने पाण्यात पाहिलं, आणि..."

वकिलीने पुस्तक मिटलं.

शांतता. एक पंखा करकरत होता तेवढाच. कोणी खोकलंही नाही. वर वकील ओठ चावून बसली होती. एवढं ऐकून निदान एक "हं" आला असता, तरी तिला पुरला असता. पण खालून काहीच येईना. भोंगा व्यासपीठावर उभा राहून पहिल्यांदाच गप्प होता.

मग स्पीकरमध्ये काहीतरी घासल्यासारखं झालं. कोणीतरी श्वास ओढला. शब्द जणू खोल पाण्यातून वर यायला निघाला होता आणि मध्येच कुठेतरी अडकला होता.

"म..." स्पीकर म्हणाला. "म... मग?"

"बाबा!"

ती किंकाळीच होती. बॅग तिथेच टाकून मुलगी धावली. कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं. "या ताई, इकडे!" भोंगा व्यासपीठावरून उडी मारून ओरडला, आणि आता त्याला हळू बोल असं कोणीही म्हणालं नाही. त्यांच्यामागे अध्यक्षबाई, डॉक्टर, आणि गोष्टीचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय न हलण्याचा निश्चय केलेले आजी-आजोबा. सगळा मेळावा जिन्यामागच्या अंधाऱ्या बोळात येऊन थांबला.

दाराला बाहेरून कडी होती. पाहुण्यांना आजोबा दिसू नयेत म्हणून मुद्दाम लावलेली.

अध्यक्षबाईंनी ती कडी पाहिली. मग व्यवस्थापकांना पाहिलं. "ही कोणी लावली?"

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. सवयीने तेच दोन शब्द येणार होते, पण ते त्यांनी गिळले. गिळताना त्यांना ठसका लागला.

मुलगी खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती. "बाबा, मला ओळख..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात धापा टाकत पोचलेल्या वकिलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, विचारू नका. सांगा."

मुलीने डोळे पुसले. काय सांगावं ते तिला सुचेना. "आज सकाळी बस चुकली, बाबा," ती म्हणाली. "दुसरी आली ती भरलेली. एका माणसाच्या हातात कोंबडी होती. ती सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती."

पांढरं डोकं किंचित तिच्याकडे वळलं.

"हं," बाबा म्हणाले.

गाडी रिकामीच परत गेली.

डॉक्टरांनी नंतर नीट तपासलं. ठरवून बोलणं झटक्यात गेलं होतं, पण लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, आपसूक येणारं बोलणं शिल्लक राहिलं होतं. तिथूनच सुरुवात करता येईल, आणि वेळ लागेल, असं त्यांनी सांगितलं. हे आधीच्या तपासणीत का कळलं नाही, असं वकिलीने विचारलं, आणि डॉक्टर जेवायला निघून गेले. व्यवस्थापकांची बदली झाली. आता ते संस्थेची रोपटी सांभाळतात, आणि त्यांनी रोज दुपारी केंद्रातल्या एकेका माणसापाशी बसून त्याला काहीतरी सांगायचं, विचारायचं नाही, अशी अध्यक्षबाईंची अट आहे. मेळाव्यात स्वयंसेवक म्हणून इतक्या जणांनी नावं दिली, की पाण्याच्या टेबलापाशी कोणी उरलं नाही.

अध्यक्षबाईंनी तिघांचं कौतुक केलं. ते बरंच लांबलं. "जे आम्ही मोठ्यांनी ऐकायला हवं होतं, ते या मुलांनी ऐकलं," असं एक वाक्य त्यात होतं. तेवढ्या वाक्याला भोंग्याने मोठ्याने "हं" म्हटलं आणि बाई दचकून पुढचं विसरल्या.

पुसलेली गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करायची होती. या वेळी आजोबांची खुर्ची राखाडी खोलीतच आणली, वकिलीच्या समोर. मुलगी मावशीशेजारी काचेपलीकडे बसली. वकिलीने दुपारभर वाचलं, नावाड्याला पाण्यात पाहायला लावलं, पाण्यातून तो कसा वर आला तेही वाचलं. शेवटचं वाक्य संपवून तिने पुस्तक मिटलं आणि विचारायचं नाही हे साफ विसरून विचारलं,

"आजोबा, कसं वाचलं मी?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ ते शब्द जुळवत राहिले. हुंकार नव्हता हा, काहीतरी ठरवून बोलायचं होतं. काचेपलीकडे त्यांची मुलगी उभी राहिली.

"ह... ळू," आजोबा म्हणाले.

मुलगी रडायला लागली. मावशी रडायला लागली. भोंगा आणि शेपूट एकमेकांना मिठी मारून उड्या मारायला लागले.

फक्त वकील संतापली होती. "हळू? मी हळूच वाचलं! आजोबा, तुम्ही मला एक तरी वाक्य सांगा, जे घाईत वाचलं! सांगा ना!"

आजोबांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. वाद घालायची त्यांची पूर्ण तयारी दिसत होती, आणि जेवायला त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

वकील थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पुस्तक उघडलं, पहिलं पान काढलं आणि हळू वाचायला सुरुवात केली.